हँडीकॅममधलं शूटिंग घरच्या कॉम्प्युटरवर कसं आणलंत? बिघडलेलं आधी सांगा

भाच्याच्या लग्नात पडद्यावर दाखवायला म्हणून परवा त्याच्या मुंजीचं शूटिंग शोधून काढलं. मातृभोजन चाललंय, ताई घास भरवतेय, आणि तिचा हात वर गेला की बांगड्यांच्या कडेला फणीसारखे दाते फुटतात. करणी माझीच. 2009 साली हँडीकॅममधून एमटीएस फाइली (कॅमेरा शूटिंग ज्या रूपात साठवायचा त्या) उतरवल्या. आमच्या डेस्कटॉपवर त्या अडखळत चालायच्या, म्हणून कुठलासा फुकटातला कन्व्हर्टर घेऊन सगळ्यांच्या लहान एव्हीआय केल्या आणि जागा हवी म्हणून मूळच्या पुसून टाकल्या. तो कॅमेरा एकेक फ्रेम दोन हप्त्यांत टिपायचा, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. मधल्या वेळात हात हललेला असतो. हे हप्ते नीट जुळवायचे असतात, ते मी कन्व्हर्टरला सांगितलंच नव्हतं. आता ते दाते चित्रातच मुरलेत, काही केल्या जात नाहीत.

पुढे कळलं ते जास्त जिव्हारी लागलं. एमटीएस हा नुसता डबा. आतलं चित्र एच.264 या पद्धतीने दाबून भरलेलं, आणि ते एमपीफोरच्या डब्यातही जसंच्या तसं बसतं. डबा बदलून भागलं असतं. मी भाजी काढून पुन्हा शिजवली आणि पहिली फेकून दिली.

तुमच्याकडे काय झालं?

डोंबिवलीहून

डबा बदलायचं काम मी एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रॅमने केलं. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, चित्रासाठी ‘कॉपी’ म्हणायचं. ज्या फाइलला आधी अख्खी रात्र जायची ती चहा होईस्तोवर तयार. आवाज मात्र एसी-3 या प्रकारातून एएसी या प्रकारात करून घेतला, कारण सासऱ्यांच्या टीव्हीवर नुसतं मूकनाट्य दिसत होतं.

माझी चूक निराळी. कॅमेऱ्याचं कार्ड फॅट32 पद्धतीने मांडलेलं, त्यात एका फाइलला 4 जीबीची मर्यादा. लांबलचक शूटिंग कॅमेरा आपोआप तोडतो. तोडलं कुठे, तर बहिणीच्या मंगलाष्टकांत. मी दोन्ही तुकडे वेगवेगळे कन्व्हर्ट करून नंतर जोडले आणि सांध्यावर आवाजाला उचकी लागली. ‘शुभमंगल साव’, मग पोकळी, मग ‘धान’. वऱ्हाडी मंडळी अजून चिडवतात. नशिबाने कार्ड पुसलं नव्हतं. मूळ एमटीएस तुकडे आधी एकापुढे एक चिकटवले (विंडोजच्या साध्या कॉपीच्या आज्ञेला स्लॅश बी लावून होतं), मग डबा बदलला. उचकी गेली.

जळगावहून

आमचा शत्रू लोडशेडिंग. ड्युअल कोर मशीन, दोन जीबी रॅम, तासाभराच्या शूटिंगला सहा-सात तास. हँडब्रेक या कन्व्हर्टरला लावून झोपायचं. सकाळी उठून बघावं तर पंखा बंद, कॉम्प्युटर बंद, आणि तीन जीबीची एमपीफोर फाइल उघडायलाच तयार नाही. तीनदा असं झालं. मग पुतण्याने सांगितलं की एमपीफोरची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली की पानं सगळी आहेत, पण कुठलं कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हापासून आधी एमकेव्ही (दुसऱ्या जातीचा डबा) करतो. अर्धवट राहिली तरी झालेली तेवढी चालते, आणि पूर्ण झाली की डबा बदलायला किती वेळ लागतो.

दात्यांसाठी हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस (हप्ते जुळवायची सोय) आहे, पण ते मूळ फाइलवरच लागू पडतं. शाळेच्या लेझीमचं शूटिंग मी दोन्ही हप्त्यांच्या वेगळ्या फ्रेम करून सेकंदाला 50 ने काढलं. 25 ने काढल्यावर लेझीम नुसती फरफटत होती.

वाशीहून

आमच्या कॅमेऱ्याच्या एमओडी फाइली होत्या. आत साधं एमपेग-2 पद्धतीचं चित्र. नाव बदलून एमपीजी केलं, चालल्या. फक्त रुंद चित्र चौकोनात दाबलं गेलं आणि अख्खं खानदान सडपातळ झालं. प्लेअरमध्ये 16:9 केलं की सरळ होतं. मामी म्हणाल्या, राहू दे की तसंच.

रत्नागिरीहून

मी निवृत्त शिक्षक. माझ्याकडे फाइली नव्हत्याच, मिनीडीव्ही कॅसेटी होत्या, चौतीस. कॅमेऱ्याला यूएसबी होतं म्हणून निश्चिंत होतो. त्यातून उतरले फक्त कार्डावरचे फोटो. कॅसेट उतरवायला फायरवायर नावाची वेगळी जोडणी लागते, आणि तिचं भोक माझ्या लॅपटॉपला नव्हतं. जुन्या डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं कार्ड बसवून घेतलं.

इथे घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठच मिनिटं, आणि एका तासाला साधारण 13 जीबी. दोन उन्हाळे गेले. कोकणची हवा, काही फितींवर बुरशी. पडद्यावर चौकोन उडायला लागले की थांबायचं, हेड साफ करायचं, पुन्हा मागे घ्यायचं. एका कॅसेटीत चाळीस मिनिटं नुसतं अंगण आहे, कारण मी रेकॉर्डिंग बंद करायला विसरलो होतो. कोंबडी येते, जाते. मागे आई भावाशी आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबावरून भांडतेय. ते मी कापलं नाही. उरलेलं एच.264 मध्ये लहान करून मुलांना दिलं, कॅसेटींवरून उतरवलेलं मूळ डीव्ही मात्र दोन वेगळ्या डिस्कांवर आहे. मुलगा म्हणतो, इतकी जागा कशाला? त्याला वरचा मुंजीचा किस्सा वाचायला देणार आहे.

न्यू जर्सीहून

आमचा हँडीकॅम अमेरिकेतला, म्हणजे तिथली एनटीएससी ही व्हिडिओ पद्धत, सेकंदाला 29.97 फ्रेम. 2006 ला पुण्यात बारशाचं शूटिंग केलं. परत येऊन बघितलं तर आत्याच्या हॉलमधली ट्यूबलाइट सारखी लुकलुकतेय. आठवडाभर मी वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये फिरवून बघितलं, दोष कन्व्हर्टरचा असणार म्हणून. दोष विजेचा. भारतात 50 हर्ट्झ, कॅमेरा 60 च्या तालावर, दोघांचा मेळच बसत नाही. ते चित्रातच टिपलं गेलंय. वर मी शहाणपणा करून नातेवाइकांसाठी पाल या भारतातल्या पद्धतीची डीव्हीडी बनवली, त्यात पाळणा हिसके देत हलतो.

ठाण्याहून

एकच सांगते. कन्व्हर्ट केल्यावर आमच्या सगळ्या फाइलींची तारीख एकच पडली, ज्या रविवारी मी बसले होते ती. लेकाचे पहिले दात आणि दहावीचा निरोप समारंभ एकाच दिवशी. आधी मूळ फाइलच्या नावात तारीख घालून घ्या, मग काय ते करा.

कोल्हापूरहून

वाचून धीर आला, म्हणून माझं अडलेलं सांगतो. आमचा कॅमेरा 8 सेंटिमीटरच्या डीव्हीडीचा. शूटिंग झाल्यावर त्यातच डिस्क फायनलाइझ (बाहेर वाचता येईल अशी पक्की बंद) करावी लागते, नाहीतर कॉम्प्युटर ती कोरी समजतो. चार डिस्का तशाच राहिल्या आणि कॅमेरा गेला. दुकानदार म्हणाला, कोऱ्या आहेत, टाका. पण उजेडात तिरक्या धरल्या की जिथवर लिहिलंय तिथवरचा गडद पट्टा स्पष्ट दिसतो. एकीवर वडिलांची एकसष्टी आहे. कुणाकडे असा कॅमेरा चालू असेल तर कळवा, कुठेही येतो. चार्जर माझ्याकडे आहे.