मदत हवी आहे: ग्राइंडरचा नट कुठल्या बाजूला फिरवायचा, हे बोर्डावर कसं लिहू?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. तरुण मंडळानं वर्गणी काढून देवळामागच्या पत्र्याच्या शेडात बेंच ग्राइंडर, उभं ड्रिल मशीन आणि जुना वेल्डिंग सेट ठेवलाय. कोयत्या-विळ्याला धार लावायला कुणीही यावं. अक्षर बरं म्हणून सूचनांचा बोर्ड माझ्या गळ्यात पडला.

मी लिहिलं: 'वापरापूर्वी यंत्राची योग्य ती तपासणी करावी. चाक बदलताना नट डावीकडे फिरवून काढावा.' लिहिताना फार बरं वाटलं, अगदी सरकारी.

गेल्या आठवड्यात एक पोरगा डाव्या बाजूचं चाक बदलायला बसला. बोर्ड बघून नट डावीकडे फिरवला. सुटेना, म्हणून पान्याला पाईप घालून लोंबकळला. नट इतका आवळला की चाकाला केसाएवढा तडा गेला. नशीब, चालू करायच्या आधी दिसला. डाव्या बाजूला उलटे आटे असतात हे मला माहीत होतं ओ, पण लिहिताना डोळ्यांसमोर उजवंच चाक.

मग 'उजवा नट घड्याळाच्या उलट, डावा घड्याळाच्या दिशेनं, त्या त्या बाजूनं बघताना' असं लिहून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शेडात घड्याळ कुठं लावलंय?"

त्यात निम्मी माणसं कन्नडच वाचणारी. दोन्ही भाषांत सगळं लिहिलं तर बोर्ड दाराएवढा होतोय. कसं करू?

प्रतिसाद १

ओ भाऊ, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर, टर्निंगच्या कामात उमर गेली माझी. डावं-उजवं, घड्याळ सगळं पुसा. ग्राइंडरकडं तोंड करून उभं राहा. कुठल्याही बाजूचा नट असू दे, वरचा भाग आपल्याकडं ओढला की सुटतो, मागं ढकलला की आवळतो. चाक फिरतं तीच सुटायची दिशा. मोटरीवर दोन्ही टोकांना आपल्याकडं येणारा बाण रंगवा, कन्नडवाल्यालाही तोच चालतोय.

आणि 'योग्य ती तपासणी' म्हणजे काय ते लिहा की. चाक बोटावर अडकवून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हळू ठोकायचं. खणखणीत वाजलं तर लावा, बद्द वाजलं तर टाकून द्या. टूल रेस्ट, म्हणजे विळा टेकवायची चाकासमोरची पट्टी, आणि चाक यांत 3 मिमीपेक्षा जास्त फट नको, विळ्याचं टोक आत ओढलं जातं. नवं चाक लावलं की बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळं फिरवायचं.

प्रतिसाद २

एकच मोठा बोर्ड कशाला? ज्या मशीनचं त्या मशीनवर, चार ओळी मराठी, चार कन्नड. कन्नड ओळी भाषांतर करून घेऊ नका, कन्नड बोलणाऱ्यालाच मशीनसमोर उभं करून त्याच्या तोंडून काढा.

काही गोष्टी तर लिहायच्याच नाहीत. ड्रिलच्या चकची (बिट धरणाऱ्या जबड्याची) चावी आमच्याकडं प्लगजवळ आखूड दोरीनं वायरला बांधलीय. प्लग काढल्याशिवाय ती चकपर्यंत पोचतच नाही. चावी चकमध्ये विसरून मशीन चालू केलं तर ती गोळीसारखी सुटते.

लिहून झालं की कधी पान्याला हात न लावलेल्या माणसाला वाचायला द्या आणि गप्प उभे राहा. गप्प राहणंच अवघड जातंय.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. काल धाकट्या बहिणीला कागद दिला. बाण बघून दोन्ही नट झटक्यात सोडवले. पण प्लग तसाच! 'प्लग काढा' मी तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं आणि ती दुसऱ्या ओळीलाच कामाला लागली. मी ओरडलो, म्हणजे परीक्षेत दोघंही नापास.

ती ओळ आता सगळ्यात वर घेतली, आणि ग्राइंडरचा पानाही प्लगच्या वायरलाच बांधून टाकला. आता एवढंच सांगा, आमच्याकडच्या पावसात पत्र्याच्या शेडात बाण टिकेल असा रंग कुठला?