मदत हवी आहे: माजी सुभेदार आजोबांची पदके व कागद वर्षश्राद्धासाठी कसे मांडावेत?

आजोबा 1 मराठामध्ये (मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण) होते, 1971 ला पूर्व आघाडीवर. वर्षश्राद्धाला पदकांची फ्रेम आणि नातवंडांसाठी पुस्तिका करायची आहे. पूर्वी स्टार, संग्राम पदक, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक आणि 9 वर्षे सेवेचे पदक आहे. सगळी काळवंडली आहेत. एकाच्या कडेवर वेगळाच नंबर आहे. ते त्यांचेच असेल का?

प्रतिसाद 1
बहुधा त्यांचेच. जवान जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार असा हुद्दा) झाला की जुना नंबर जाऊन ‘जेसी’ने सुरू होणारा नवा मिळतो, आधी मिळालेल्या पदकावर जुनाच राहतो. डिस्चार्ज बुकाशी (निवृत्तीवेळी मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक) ताडून पाहा.

चिंच, ब्रासो लावू नका, कळकळीची विनंती. घासून कडेची अक्षरे झिजतात, आणि त्या अक्षरांमुळेच तर ते पदक त्यांचे ठरते! कोरडे सुती फडके पुरे. हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर लाकडी टूथपिकने हलके खरवडा.

तुम्ही लिहिला आहे तोच क्रम बरोबर आहे. पाहणाऱ्याच्या डावीकडून सुरुवात करा. फीत 32 मिमी रुंदीची घ्या, जुनी पाकिटात जपा. पदक डिंकाने चिकटवू नका, फीत सुती कापडावर दोऱ्याने टाचा. काच पदकाला टेकता कामा नये आणि फ्रेम ओल धरणाऱ्या भिंतीवर नको.

प्रतिसाद 2
कागदांना लॅमिनेशन नको, ते पुन्हा निघत नाही. 600 डीपीआयवर स्कॅन करा, पाठीमागची बाजूही.

सेवेचा तपशील हवा असेल तर आजींच्या नावाने बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. नंबर, हुद्दा, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुकाची प्रत जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळते. नुसते नाव लिहून पाठवलेला अर्ज अडतो, कारण एकाच नावाचे कितीतरी जवान असतात.

धागाकर्ता
आभार! घरी त्यांची आंतर्देशीय पत्रेही आहेत, पत्ता फक्त ‘99 एपीओ’ (लष्करी टपाल कार्यालय). ठिकाण कळेल का?

प्रतिसाद 2
पत्त्यावरून नाही, ठिकाण झाकायलाच तो असतो. शिक्क्याची तारीख पलटणीच्या इतिहासाशी जुळवा. डिसेंबर 1971 ची पत्रे वेगळी काढा, त्याच महिन्यात जंगी पलटण जमालपूरला (आता बांगलादेशात) लढली. मजकूर मात्र आहे तसाच छापा. पेरणी झाली का, पोराची फी भरली का, हे त्यांनी विचारलेले प्रश्न नातवंडांना लढाईइतकेच हवे असतात. शाळेत सोडणारे, पाढे घेणारे आजोबाही पुस्तिकेत येऊ द्या. प्रत्येक नातवंडाकडून एकेक पान हाताने लिहून घ्या. टाइप करायला सांगितले की सगळे एकसारखेच लिहितात.