मदत हवी आहे: किडनी प्रत्यारोपणानंतर कापोसी सार्कोमा, आता सिरोलिमसवर जावे का?

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या भावाला आमच्या आईची किडनी बसवलेली आहे. तो नागपुरातच राहतो, किडनी उत्तम चालते आहे आणि क्रिएटिनिनही स्थिर आहे. दिवाळीनंतर त्याच्या डाव्या पायावर जांभळट चट्टे उठले. धंतोलीतील त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांतील एकाची बायोप्सी केली आणि निदान कापोसी सार्कोमा या कर्करोगाचे निघाले. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसे व पोट स्वच्छ आहे, म्हणजे आजार सध्या त्वचेपुरताच आहे.

हा अर्बुदाचा प्रकार एचएचव्ही-८ या विषाणूशी जोडलेला असतो. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून जी प्रतिकारशक्ती आपण औषधांनी दाबून ठेवतो, तीच या विषाणूला आवर घालत असते. त्यामुळे किडनीतज्ज्ञांनी टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबवून, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू ठेवून, सिरोलिमस हे त्याच कामाचे दुसरे औषध सुरू करण्याचा सल्ला दिला आहे. भारतात हा आजार क्वचितच आढळतो, म्हणून या मार्गाने गेलेले कुटुंब आम्हाला ओळखीत कोणी भेटलेले नाही.

मी जमेल तेवढे वाचले. जर्मनीतील रेगेन्सबुर्गच्या संशोधकांनी २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले, की सिरोलिमस गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या तयार होऊ देत नाही व त्यामुळे गाठीची वाढ रोखली जाते; उलट सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाने ती वाढते. टॅक्रोलिमस सायक्लोस्पोरिनच्याच गटातले असल्यामुळे ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटली. पुढे २००५ मध्ये इटलीतील बारी येथून किडनी प्रत्यारोपण झालेल्या व कापोसी सार्कोमा असलेल्या १५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. सायक्लोस्पोरिन व मायकोफेनोलेट बंद करून सिरोलिमस दिल्यावर तीन महिन्यांत सर्वांचे चट्टे गेले आणि कोणालाही तीव्र रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणे) झाले नाही. संख्या लहान आहे, पण निष्कर्ष इतका स्वच्छ आहे की तो वाचून घरात सर्वांना धीर आला.

मात्र २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात सिरोलिमस घेणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण कमी, पण मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. त्यातील बहुतेक रुग्णांना मुळात कर्करोग नव्हताच, त्यामुळे तो निष्कर्ष भावाला जसाच्या तसा लावता येणार नाही असे माझे मत आहे. तरीही मृत्यूंची ती गोष्ट डोक्यातून जात नाही. आई म्हणते, "किडनी गेली तं जाऊ दे, पोरगं राह्यलं पाह्यजे." तिचे म्हणणे मनाला भिडते, पण पुन्हा डायलिसिसवर जाणे म्हणजे काय हे भावाने भोगले आहे, आणि तिची किडनी वाचवूनच आजार हटावा यासाठी आमची धडपड आहे.

बदल करावा, याकडे आमचा कल झुकला आहे. अडचण वेगळीच आहे. प्रत्यारोपणाच्या जुन्या छेदाच्या जागी त्याला हर्निया झाला असून त्याची शस्त्रक्रिया ठरत आली होती. सिरोलिमसमुळे जखम भरून यायला वेळ लागतो. मग आधी हर्निया उरकून टाके नीट भरल्यावर औषध बदलावे, की चट्टे वाढत असताना वाट पाहणे धोक्याचे आहे? दोन्ही डॉक्टर परस्परांशी बोलणार आहेत, पण असा क्रम ज्यांना लावावा लागला त्यांचा अनुभव कळला तर फार उपयोग होईल.

दुसरे असे, की भावाच्या लघवीतून थोडी प्रथिने जातात. सिरोलिमसने हे प्रमाण वाढू शकते, म्हणून बदल करताना कोणाच्या डॉक्टरांनी प्रथिनांची कोणती मर्यादा धरली होती? टॅक्रोलिमस एकदम थांबवले की टप्प्याटप्प्याने? तोंड येणे आणि कोलेस्टेरॉल वाढणे हे त्रास कितपत झाले व डोस कमी केल्यावर थांबले का? शिवाय नागपुरात सिरोलिमसची रक्तातील पातळी तपासून अहवाल लवकर देणारी प्रयोगशाळा कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावी. आमची नेहमीची प्रयोगशाळा नमुना बाहेरगावी पाठवते.

येथे कोणी किडनीतज्ज्ञ किंवा कर्करोगतज्ज्ञ असतील आणि त्यांना बायोप्सीचा अहवाल व औषधांची यादी पाहायची असेल, तर मी व्यक्तिगत निरोपातून पाठवीन. पुढची भेट येत्या सोमवारी आहे, त्याआधी उत्तर मिळाल्यास हे प्रश्न तेथे मांडता येतील.