मदत हवी आहे: इन्सुलिन चालू असताना शुगरची गोळी पण घ्यायची का?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. आई ६२ वर्षांची, शुगर १५ वर्षांपासून, चार वर्षं झाली ३०/७० वालं (मिश्र) इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ आणि मेटफॉर्मिनची गोळी. तरी शुगरचा भरवसा नाही, उपाशीपोटी कधी ९०, कधी २६०, आणि मागच्या एकादशीला इन्सुलिन टोचून वर नुसता चहा घेतला, दुपारी घामाघूम, हातपाय थरथर, मशीनवर ५८. साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, झालं, ३१०. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.४ आलाय.

आता डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन १० ही आणखी एक गोळी सुरू करायला सांगितलीय. लघवीतून साखर बाहेर जाते एवढंच कळलं, गर्दीत पुढचं विचारायचं राहिलं. शेजारच्या काकू म्हणतात इन्सुलिन असताना गोळ्या कशाला, किडनी जाते. आईने तेवढंच धरलंय, पाकीट तसंच पडून. कुणाकडे दोन्ही सोबत चालू आहे का? इथं ऊन चाळिशीपार गेलंय, त्यात अंगातलं पाणी कमी झालं तर? जेवण म्हणाल तर कडक भाकरी, शेंगा चटणी, भाजी. भात बंदच आहे.

प्रतिसाद १: आमच्या वडिलांना दोन्ही चालू आहे. किडनीचं उलट आहे, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघूनच देतात आणि ही गोळी किडनीला फायद्याची. पाणी भरपूर, खाली खाज-जळजळ झाली तर लगेच सांगायचं (बायका लाजून सांगत नाहीत). उपास किंवा उलट्या-जुलाब असतील त्या दिवशी ती घ्यायची का हे मात्र डॉक्टरांना नक्की विचारा, शुगर नॉर्मल दिसत असतानाही किटोन (चरबी जळून रक्तात साठणारं आम्ल) वाढू शकतात. आणि सुई रोज एकाच जागी टोचताय का? पोटावर हात फिरवून बघा की.

धागाकर्ता: बघितलं. बेंबीच्या डावीकडे लिंबाएवढी मऊ गाठ! तिथं दुखत नाही म्हणून आई तिथंच टोचते म्हणे. चार वर्षांत कुणी बघितलं नाही, मी पण नाही.

प्रतिसाद १: मग अर्धं कोडं तिथंच आहे, गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. पण एकदम जागा बदलून तेवढेच युनिट देऊ नका, चांगल्या जागेतून पूर्ण लागू पडलं की शुगर धाडकन खाली येते. आधी डॉक्टरांना विचारा, सुरुवातीला रात्री तीनला पण तपासा.

धागाकर्ता: सकाळीच फोन लावतो. एकादशीचं मात्र आईला तुमच्यापैकीच कुणीतरी समजवा.