कॉम्प्युटर चालूच होईना : तुमचे अनुभव सांगा

जास्वंद
काल रात्री लेकाचा लॅपटॉप काळा पडला. सकाळी सबमिशन, पोरगा घामाघूम. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन कोरी. चार्जर काढायला लावला, बटण ३० सेकंद दाबून धरायला सांगितलं, परत लावला आणि झाला सुरू. तो झोपला, मला मात्र झोप येईना. कानात तीच जुनी पींऽऽ, पींऽऽ.

२००६ चा पावसाळा, चिपळूणजवळचं आमचं गाव. बाबांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर एमएस-सीआयटी केलं आणि असेम्बल केलेला कॉम्प्युटर घेतला, तो आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवायला. आजी पडवीत पाय पसरून म्हणायची, बाबा दोन बोटांनी टाइप करायचे. मध्येच लाइट गेली की आजी म्हणायची, "थांब, दळण अर्ध्यावर राहिलं." तीनशेच्या वर ओव्या झाल्या होत्या. दुसरीकडे कुठेही प्रत नाही. आणि एका सकाळी मशीन उठेचना. मॉनिटर काळा, डब्यातून एक लांब शिट्टी, जरा थांबून परत शिट्टी. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आजी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "अरे मी आहे ना अजून. परत सांगते."

तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला मुलगा एसटीने आला. डबा उघडला, रॅमची पट्टी काढली आणि म्हणाला, "काकू, खोडरबर आहे का?" भाच्याच्या कंपासपेटीतला दिला. पट्टीच्या सोनेरी दातांवरून हलक्या हाताने फिरवला, फुंकर मारली, पट्टी खट्‌कन बसवली. मग एकच छोटी पीं. "एक छोटी म्हणजे सगळं ठीक," तो म्हणाला. दमट हवेने दातांवर थर बसला होता, एवढंच. आजीने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

तुमच्याकडे असं काही घडलंय का? लिहा.

कडीपत्ता
खोडरबर!! वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे दर जूनला हेच. फक्त पॉलिश पेपर कुणी वापरू नका, सोन्याचा मुलामाच निघून जातो. आणि हात लावायच्या आधी प्लग काढून कॅबिनेटच्या पत्र्याला बोट टेकवा, अंगातली स्थिर वीज उतरते. कुकर लावलाय, नंतर येते.

खिडकीजवळची
आम्ही २००३ मध्ये अमेरिकेहून कायमचे परत आलो, नाशिकला. सामानात डेस्कटॉप होता. मुलांना गेम खेळायची घाई, नवऱ्याने सरळ भिंतीच्या प्लगला लावला. धाडकन आवाज, निळसर धूर, अख्ख्या घराची लाइट गेली. धाकटी दोन दिवस त्या खोलीत जाईना. मागे एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला, छोटा लाल खटका असतो, ११५ आणि २३० व्होल्टचा. तो अमेरिकेतल्या ११५ वरच होता, आपल्याकडे २३०. परत येताना भांडीकुंडी, पुस्तकं, सगळ्याची यादी केली होती आम्ही. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. एसएमपीएस बदलला आणि बाकी मशीन वाचलं, मदरबोर्डसुद्धा! दुरुस्तीवाल्याने नवीन जोडायच्या आधी त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला तारेने जोडून पंखा फिरतो का ते दाखवलं होतं. मुलगा तेव्हा शेजारी उकिडवा बसून बघत होता. आज हार्डवेअरमध्येच आहे.

शेवटचा डबा
लोकलमधून लिहितोय, चुका समजून घ्या. विंडोज एक्सपीच्या काळात काळ्या स्क्रीनवर 'एनटीएलडीआर इज मिसिंग' (विंडोज सुरू करणारी फाइल सापडत नाही) आलं की मी विंडोज नव्याने टाकायचो. तीनदा टाकलं. चौथ्यांदा मित्र आला, त्याने मागे लावलेला पेनड्राइव्ह उपटला आणि मशीन सुरू. ते आधी पेनड्राइव्हमध्ये विंडोज शोधत होतं. त्या तीन वेळांत ताईच्या साखरपुड्याचे फोटो गेले. तिने कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून जास्तच लागतं.

कडीपत्ता
@शेवटचा डबा, अरे, पाहुण्यांपैकी कुणाकडे तरी असतील. विचारून बघ ना.

शेवटचा डबा
मावशीकडे दोन मिळाले. फ्रेम करून दिलेत तिला.

तिसरा मजला
फ्लॉपीचंही तेच हो. आत विसरली की 'नॉन सिस्टम डिस्क'. आमच्या सरांचा पहिला प्रश्न तोच, आत फ्लॉपी आहे का?

पाटीपेन्सिल
२६ एप्रिल १९९९. वडिलांचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान, लग्नसराई, दोन मशीनवर पत्रिकांचं काम. सकाळी दोन्ही बंद. चेर्नोबिल व्हायरस. अणुभट्टीचा अपघात १९८६ मध्ये याच तारखेला झाला होता म्हणून ते नाव पडलं. विंडोज ९५ आणि ९८ वर गुपचूप बसून राहायचा आणि तारीख आली की हार्डडिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा, काही बोर्डांवर बायोससुद्धा, म्हणजे मशीन सुरू करणारा चिपमधला प्रोग्रॅम. आमच्या एका मशीनचा बायोस गेला, पंखा फिरतो पण शिट्टीसुद्धा नाही. वडील चिप रुमालात बांधून लॅमिंग्टन रोडला गेले, तिथे एकाने ती परत लिहून दिली. दुसऱ्याची डिस्क कोरी. बावीस पत्रिकांचा मजकूर गेला. वडील आणि मी सायकलवरून घरोघरी फिरून परत हाताने लिहून आणला. एकाही घरातून ओरडा खाल्ला नाही. उलट प्रत्येक ठिकाणी चहा.

रानमेवा
दापोली. जळका वास आणि मशीन बंद. एसएमपीएस उघडला तर आत पाल. बिचारी उबेला गेली असेल. तेव्हापासून मागच्या उघड्या फटींना जाळी लावते, हवा जाईल अशी.

तिसरा मजला
ई गं. आता रात्री लाइट लावूनच झोपणार मी.

ओलं काजूगर
आमच्या कॉम्प्युटरची तारीख दर वेळी १ जानेवारी २००२ ला जायची आणि तो एफ वन दाबा म्हणून थांबायचा. दोन वर्षं रोज एफ वन दाबला. मदरबोर्डवरचा, तारीख-वेळ जपणारा सीआर२०३२ सेल बदलायचा असतो, घड्याळवाल्याकडे मिळतो, हे कळल्यावर आई म्हणाली, "माणसाचंही असंच सोपं असतं, विचारत नाही आपण."
@रानमेवा, दापोलीत कुठे? माझं माहेर आंजर्ले.

रानमेवा
अगं मुरुड! कड्यावरच्या गणपतीला दर वर्षी जातो आम्ही. मेसेज कर.

निळी छत्री
सगळे जुने किस्से चाललेत, माझा ताजा. १९ जुलै २०२४. घरून काम, सकाळी लॅपटॉप उघडला तर निळा स्क्रीन, परत सुरू, परत निळा. जगभर ८५ लाख मशीनचं तेच झालं होतं, एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे. उपाय सोपा, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण डिस्कला कुलूप, आणि ते उघडायला ४८ आकडी किल्ली. मी सपोर्टमध्ये, त्यामुळे ती किल्ली लोकांना फोनवरून वाचून दाखवायची. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. "एकोणसाठ की एकोणसत्तर?" शेवटी सुटे आकडे म्हणायला लागलो. त्या दिवशी ३४ जणांना. एक सहकारी हॉस्पिटलच्या बाकावर बसून आकडे लिहून घेत होते, आत बायकोचं ऑपरेशन. त्यांना म्हटलं, साहेब राहू द्या, उद्या करू. तर म्हणाले, नको, तेवढंच मन गुंतलंय.

कडीपत्ता
काकू बऱ्या आहेत ना आता?

निळी छत्री
हो हो, ठणठणीत.

ओलं काजूगर
जास्वंदताई, त्या ओव्या कुठे आहेत आता?

जास्वंद
आजी २००९ मध्ये गेली. मशीन पुढे भंगारात दिलं, पण बाबांनी हार्डडिस्क काढून आजीच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. जुनी, रुंद पट्टीच्या केबलची. आताच्या कुठल्याच मशीनला लागत नाही.

पाटीपेन्सिल
ताई, ती आयडीई डिस्क, म्हणजे जुन्या जोडणीची. आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर मिळतो. सोबत १२ व्होल्टचा ॲडॉप्टर आहे ना ते बघूनच घ्या, साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. मागची छोटी जंपर पिन मास्टरवर ठेवा. आणि टक-टक आवाज आला तर लगेच बंद करा, परत परत प्रयत्न नको. मग ती डेटा काढून देणाऱ्याकडेच न्या.

रानमेवा
देवा, चालू दे रे.

जास्वंद
कन्व्हर्टर आला. डिस्क फिरली! फोल्डरचं नाव 'आई'. पण फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. रडूच आलं.

पाटीपेन्सिल
रडू नका, काही गेलेलं नाही. तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखंच दिसणारं मराठी टायपिंग, घरोघरी नव्हतं. शिवाजी किंवा तसल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असणार. त्याच डिस्कवर विंडोजच्या फोल्डरमध्ये 'फॉन्ट्स' बघा, तिथला मराठी फॉन्ट आताच्या मशीनवर टाका.

जास्वंद
दिसलं!! पहिलीच ओवी पंढरीची. बाबा चष्मा लावून शेजारी बसलेत, ऐंशी वर्षांचे. मोठ्याने वाचतायत, आजीच्याच चालीत. एके ठिकाणी थांबले, म्हणाले, इथे आईने 'माउली' म्हटलं होतं, मी 'सावली' लिहिलंय. दुरुस्त करायचं म्हणतायत.

पाटीपेन्सिल
आधी मूळ फाइलची प्रत दोन ठिकाणी करा. मग करू द्या काकांना दुरुस्ती.