मदत हवी आहे: टेकऑफचा तक्ता ४० अंशांवर संपतो, पुढचा हिशोब कसा करता?

नमस्कार. सेसना १७२एस या छोट्या विमानावर माझं पायलटचं ट्रेनिंग चालू आहे. आमचं मैदान समुद्रसपाटीपासून साधारण २००० फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४१-४२ ला जातो आणि पीओएचमधल्या (विमानाच्या माहितीपुस्तकातल्या) टेकऑफला लागणाऱ्या अंतराच्या तक्त्याचा शेवटचा रकाना ४० चा.

परवा ४१ अंश होते, क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशोबातला हवेचा दाब) १००३. प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे दाबानुसारची उंची, आली २३०० फूट. त्या उंचीवरचं प्रमाण तापमान साडेदहा, म्हणजे हवा तीस अंशांनी जास्त गरम. दर अंशाला १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची, ६००० च्या घरात! टाक्या भरलेल्या, विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) मेल्यासारखा लोंबत होता. नेहमीसारखं ५५ नॉटला नाक उचललं, पण कुंपणापलीकडच्या बाभळी खाली जायचं नावच घेईनात. त्या दिवसापासून डोक्यात हेच आहे.

ठोकताळे मला पाठ आहेत: उंची १००० फुटांनी वाढली की १० टक्के जास्त अंतर, तापमान १० अंशांनी वाढलं की १० टक्के, वजन १० टक्क्यांनी वाढलं की २० टक्के. पण हे टक्के एकमेकांत मिळवायचे की गुणायचे? आणि तक्त्यातल्या आकड्यावर लावायचे की समुद्रसपाटीसाठी दिलेल्या १६३० फूट अंतरावर?

दुसरं, अर्ध्या रनवेपर्यंत नाक उचलायच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर टेकऑफ सोडायचा, हा नियम. ५५ चे ७० टक्के म्हणजे साडेअडतीस. आमच्या एअरस्पीड इंडिकेटरवर आकडेच ४० पासून सुरू होतात! तुम्ही काय बघता?

उत्तर

ताई, टक्के गुणायचे. १.२ आणि १.१ चे १.३२ होतात, १.३ नाही. तीन-चार गोष्टी एकत्र आल्या की हा फरक बराच वाढतो.

उंची आणि तापमान तक्त्यात आधीच धरलेलं आहे, ते पुन्हा लावू नका. २३०० साठी सरळ ३००० ची ओळ घ्या. तक्त्यात जे नाही त्यालाच ठोकताळा लावा: रनवेचा चढ, ओलं गवत. मागून वारा असेल तर तळटीप वाचा, दर २ नॉटला १० टक्के. शेवटी सगळ्याला १.३३ ने गुणा. कारण तो तक्ता शॉर्ट फील्डचा, म्हणजे आखूड धावपट्टीवरच्या खास टेकऑफचा आहे: १० अंश फ्लॅप (पंखामागच्या झडपा), पूर्ण पॉवर येईपर्यंत ब्रेक दाबलेले, नवं विमान, कसलेला टेस्ट पायलट. तुम्ही त्या दिवशी तसा टेकऑफ केला होता का?

४० च्या पुढे मात्र रेघ ओढून आकडा काढू नका. तिथे कंपनीनेच आकडा दिलेला नाही. सकाळी ७ ला २६ अंश असतील तर तुमच्याच मैदानाचं डेन्सिटी अल्टिट्यूड ४२०० च्या आसपास येतं. तेव्हा उडा.

७० टक्क्यांसाठी अर्ध्यावरची एक ठळक खूण आधीच ठरवा आणि तिथे काटा ४० वर हवाच, असं धरा. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात अंतर लागतं, म्हणून ७० टक्के वेग जवळपास निम्म्या अंतरात येतो. पण हा नियम फक्त जमीन सुटण्यापुरता. बाभळींसाठी तक्त्यातला ५० फूट उंची गाठेपर्यंतच्या अंतराचा रकानाच बघावा लागतो.

धागाकर्ती

दादा, नाही, ब्रेक न धरता नेहमीचाच टेकऑफ होता, फ्लॅप शून्य. मी चुकीच्या आकड्याशी तुलना करत होते! उद्याचं सॉर्टी (उड्डाण) सकाळी साडेसहाला मागून घेतलंय.