अनुभव धागा : सायकल, पाणथळ आणि एक अख्खा दिवस

बडोदेकर सायकलस्वारांनो, थंडी पडली की आपल्यातले कुणी डभोईकडे निघतात, कुणी सायकल रेल्वेत टाकून थेट दक्षिण गाठतात. पाणथळ भागात दिवसभर सायकल चालवली असेल, तर तो दिवस कसा गेला ते लिहा. वेग आणि सरासरीचे आकडे नसले तरी चालतील. वारा, रस्ता, पाणी, पक्षी आणि खाणं याबद्दल मात्र हात आखडू नका.

दांडिया बाजारातून

मी डभोईजवळच्या वढवाणा तलावाचं लिहितो. उजाडायच्या आत प्रतापनगरहून निघायचं. कपुराई चोकडीला हायवेचे ट्रक संपले की डभोईपर्यंत सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. डभोईत हिरा भागोळची कोरीव वेस बघून घ्या, चहा-गाठिया खा आणि बाटल्या तिथेच भरा.

वढवाण्याचा तलाव बडोदा संस्थानाने १९१० साली शेतीच्या पाण्यासाठी बांधला, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात. २०२१ साली तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, म्हणजे रामसर यादीत गेला. कालव्यासाठी साठवलेल्या पाण्यावर मध्य आशियातून पक्षी येतात, याचा मला बडोदेकर म्हणून फार अभिमान वाटतो. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतात. पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुर्बीण असली की स्पष्ट दिसतात.

सायकलचा खरा फायदा पाळीवर कळतो. गाडीचं दार आपटलं की काठचे पक्षी आत सरकतात. आपण सायकल टेकवून गुपचूप बसलो की वारकरी नावाचे पाणपक्षी जवळ येतात. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. उडायचं झालं की आधी पाण्यावर धावत सुटतात, पाय फटाफट आपटत, आणि मग कुठे हवेत उठतात. मी जेवण विसरून हेच बघत बसतो.

कारेलीबागेतून

दादा, वढवाण्याला मीही जाते, पण मला केरळातल्या कुट्टनाडबद्दल लिहायचंय. यजमान नोकरीनिमित्त कोचीला होते, तेव्हा आम्ही दोघांनी अलप्पुझा ते चंगनाशेरी रस्ता आणि त्याला फुटलेल्या बांधांवरच्या वाटा सायकलने केल्या. तिथे कालव्याचं पाणी वर आणि भाताचं शेत खाली! शेतं समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. मधल्या बांधावरून जाताना एका हाताला नाव जवळजवळ खांद्याशी दिसते, दुसऱ्या हाताला भात पायाखाली. शेतातलं पाणी उपसून कालव्यात टाकतात, त्या जुन्या लाकडी पंपाला तिथे 'पेट्टी-परा' म्हणतात. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून थंडीत तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याची दारं बंद ठेवतात. कापणी झालेल्या शेतात बदकांचे मोठे कळप चरायला सोडतात. दोन-तीन माणसं काठ्या घेऊन त्यांना वळवत असतात. एकदा तो कळप रस्ता ओलांडेपर्यंत आम्ही उभे होतो. घाई अजिबात नव्हती.

एकही चढ नाही, तरी दमछाक होते. हवेत इतका ओलावा की घाम वाळतच नाही. बडोद्याच्या कोरड्या उन्हाची सवय तिथे उपयोगी पडत नाही. लिंबू-मीठ-पाणी घेत राहा आणि अकरा वाजता सावली शोधा.

मांजलपूरहून

काकू, तुमचे बांध वाचून आंध्रच्या किनाऱ्यावरचं पुलिकत सरोवर आठवलं. सुळ्ळूरपेटहून श्रीहरिकोट्याला जाणारा रस्ता सरोवरातूनच जातो. दोन्हीकडे उथळ पाणी, त्यात रोहित पक्षी माना वाकवून चिखल चाळत असतात. झाड नाही, आडोसा नाही, वारा थेट बाजूने आदळतो. अशा वाऱ्यात ट्रक शेजारून गेला की सायकल एकदम आत ओढली जाते, म्हणून हँडल घट्ट धरा. पुढे अंतराळ केंद्राचं फाटक आहे, तिथूनच परत फिरायचं.

पुन्हा दांडिया बाजारातून

वढवाण्याबद्दल एक राहिलं. अवकाळी पाऊस होऊन गेला असेल तर शेतातल्या वाटेने जाऊ नका. काळी माती ब्रेक आणि मडगार्डमध्ये बसली की चाक फिरत नाही, काडीने खरवडत बसावं लागतं. तेव्हा डांबरीच बरी. आणि शनिवार-रविवार सोडून जमलं तर बघा, पक्षी काठाच्या जवळ मिळतात.